तेविसावी जोडी

आमच्या लॅबमध्ये सरांच्या खोलीत पंखा लावायला बंदी होती. अंधेरी वेस्टला, मार्केटच्या गल्लीत, खाली मिठाईवाला आणि वरच्या मजल्यावर आम्ही. मे महिन्यात त्या खोलीत अर्धा तास बसलं की ब्लाउज पाठीला चिकटायचा. पंखा चांगला धडधाकट होता, पण त्याच्या बटणावर सरांनी चिकटपट्टी मारून ठेवली होती. दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती : ‘दार हळू उघडावे. आत कागद मोकळे आहेत.’ एकदा पोस्टमननं धाडकन दार ढकललं आणि एका बाईच्या बाळाची सात गुणसूत्रं टेबलाखाली उडाली. फोटोची दुसरी प्रत काढता आली असती, पण सरांना ते पटेना. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तासभर शोधत होतो. सहा मिळाली. सातवं पोस्टमनच्या चपलेला चिकटून गेलं असणार असं सरांचं ठाम मत होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच पोस्टात जाऊन त्याची चप्पल उलटी करून बघून आले.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गरोदर बाईच्या पोटातून सुईनं थोडं पाणी काढायचं. त्या पाण्यात बाळाच्या पेशी असतात. त्या दोन-तीन आठवडे वाढवायच्या, काचेवर रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांचा फोटो घ्यायचा. फोटोत गुणसूत्रं दिसतात, ताटात सांडलेल्या शेवयांसारखी. मग तो फोटो कात्रीनं कापायचा, एकेक गुणसूत्र सुटं करायचं, त्याचा जोडीदार शोधायचा आणि कार्डावर डिंकानं ओळीत चिकटवायचा. माणसाच्या तेवीस जोड्या. पहिल्या बावीस बघून मूल निकोप आहे का ते कळतं. तेविसावी सांगते, मुलगा की मुलगी. आता हे सगळं मशीन करतं म्हणे. तेव्हा सर करायचे, नखं कापायच्या वाकड्या कात्रीनं.

माझं दुसरं मूल राहणार की जाणार, ते याच टेबलावर ठरलं. तेव्हा सरांबद्दल मी गोड-गोड काही लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. वाईटही लिहिणार नाही. साठी उलटली, आता भांडायला दम नाही, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते राहिलेही नाहीत.

सर आधी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं त्यांना लॅबमध्ये आणलं. हा विद्यार्थी म्हणजे आमचे डॉक्टर, लॅबचे मालक. सगळी अंधेरी त्यांना अहो डॉक्टर म्हणायची आणि सर त्यांना भर पेशंटांसमोर ‘अरे, इकडे ये’ म्हणायचे. उलट लॅबच्या शिपायाला ते अहो म्हणत. मला, त्यांच्या हाताखालच्या मदतनीसाला, अगं. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि डोक्यावर ओला नॅपकिन. पंखा नाही म्हणून ही सोय. दर तासाला उठून तो नॅपकिन बेसिनमध्ये पिळायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा डोक्यावर. नवीन आलेला पेशंट त्यांना न्हावी तरी समजायचा नाहीतर वेडा तरी.

मोजायचे ते नेहमी मोठ्यानं. एक, दोन, तीन, शेचाळीसपर्यंत. मग उलटं, शेचाळीसपासून एकपर्यंत. मग मला मोजायला लावायचे. आणि गुणसूत्रांबद्दल ते बिल्डिंगमधल्या बिऱ्हाडांसारखं बोलायचे. ‘सोळावाले जरा वाकडे झोपलेत बघ.’ ‘नववाले कुठे गेले?’ एकवीस नंबरच्या जोडीत कधी दोनाच्या जागी तीन दिसली, म्हणजे मूल मतिमंद होणार असं कळलं, की ते कात्री खाली ठेवून हळूच म्हणायचे, ‘एकवीसच्या घरी पाहुणा आलाय गं.’ मग त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत जायचा.

खिडकीत त्यांच्या बाटल्या असायच्या. दुधाच्या रिकाम्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, आत सडकं केळं आणि बारीक बारीक माश्या. कॉलेजात त्यांनी उभा जन्म या माश्यांवर काढला होता, ती खोड इथेही सुटली नाही. डॉक्टर वैतागायचे.

“सर, पेशंट येतात हो. माश्या बघून काय म्हणतील?”

“सांग त्यांना, स्टाफ आहे म्हणून.”

एकदा मी विचारलं, सर, याच माश्यांचं इतकं कौतुक का? तर त्यांनी एक बाटली उजेडात धरली. “या बघ, पांढऱ्या डोळ्यांच्या. साध्या माशीचे डोळे लाल असतात. कॉलेजात एका वर्षी मला पांढऱ्या आवडल्या, म्हणून मी त्याच ठेवत गेलो. लाल दिसली की काढून टाक, लाल दिसली की काढून टाक. वर्षभरानं काय झालं माहितीय? लाल डोळ्यांची माशी दिसली की मला रागच यायला लागला. माशीचा राग! तिनं काय घोडं मारलं होतं माझं?” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “निवडायची सवय लागली की नावडतं काहीतरी लागतंच माणसाला.”

याचा अर्थ ते विज्ञानाच्या नावानं बोटं मोडणारे होते असं मुळीच नाही. घरी त्यांची बहीण होती, डायबेटिसनं बेजार झालेली. जंतूंमध्ये माणसाचं जनुक घालून त्यांच्याकडून इन्सुलिन करून घेतात अशी बातमी पेपरात आली, त्या दिवशी सर खालून पाव किलो पेढे घेऊन वर आले. शिपायापासून सगळ्यांना वाटले. “जंतू कामाला लावले रे! आपल्याला नोकर मिळत नाहीत, यांनी जंतूंना नोकरीवर ठेवलं!” इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरही खुलले. म्हणाले, “सर, ही तर सुरुवात आहे. उद्या बाळाचा रंग, उंची, डोळे, सगळं आधी ठरवता येईल. आपण योग्य लायनीत आहोत.”

सरांनी हातातला पेढा खोक्यात परत ठेवला. “उद्या कोणी आला आणि म्हणाला, नाक सरळ करून द्या. तू काय करशील?”

“बसा म्हणेन,” डॉक्टर हसून म्हणाले.

“आणि परवा म्हणाला, स्वभाव गरीब करून द्या, उलट उत्तर देणारं नको?”

“त्यालाही बसवेन. सर, नाही म्हणणारा मी कोण?”

“तेच तर,” सर म्हणाले. “बरं करायला घातलेला हात आणि आवडनिवड करायला घातलेला हात, हात तोच असतो रे. हीच सगळी भानगड आहे.” डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि ते पेशंट बघायला गेले.

वेसाव्याची एक कोळीण आली होती त्याच सुमारास. पस्तिशीची, अंगानं दणकट, सोबत आठ वर्षांचा पहिला मुलगा. तो मतिमंद होता, म्हणून कुठल्याशा डॉक्टरनं तिला दुसऱ्या वेळी तपासायला पाठवलं होतं. रिपोर्टात तेच निघालं. एकवीसच्या घरी पाहुणा. सरांनी तिला समोर बसवून कागदावर चित्रं काढून तासभर समजावलं. आपली तपासणी नेमकी याच कामासाठी आहे, अजून वेळ गेलेली नाही, कोणी तुला दोष देणार नाही, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “म्हंजे याच्यासारकाच व्हनार ना?”

“हो मावशी.”

“मंग असूं दे. याला सोबत व्हईल.” आणि पोराचा हात धरून जिना उतरून गेली.

सरांनी चित्रांचा कागद घडी करून खिशात ठेवला. “तीस वर्षं मी याला दोष म्हणून शिकवलं,” एवढंच म्हणाले. महिन्याभरानं तिनं कागदात गुंडाळून सुके बोंबील पाठवले. सर मासे खात नव्हते. पण भेट म्हणून आलेलं टाकायचं कसं, म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवले. आठवडाभर लॅबमध्ये बसायची सोय नव्हती. शेवटी शिपायानं ते घरी नेऊन खाल्ले तेव्हा आमची सुटका झाली.

मी लागले तेव्हा अशाच बायका यायच्या. आधीचं मूल आजारी, किंवा वय जास्त. महिन्याला चार-पाच. मग डॉक्टरांनी खाली जिन्यापाशी ‘मुलगा की मुलगी, आधी कळेल’ असा बोर्ड लावला, आणि बाकावर रांग दिसायला लागली. या बायका धडधाकट होत्या. त्यांची आधीची मुलंही धडधाकट होती, फक्त मुली होत्या. बाकावर त्या एकमेकींशी बोलायच्या नाहीत. सोबतच्या सासवा बोलायच्या. तेव्हा यात बेकायदा काहीच नव्हतं. कायदा पुढे आला, बोर्ड उतरला, तोवर सर नोकरी सोडून जोगेश्वरीला बहिणीजवळ घरी बसले होते.

या नव्या बायकांसाठी सरांनी स्वतःपुरता एक नियम केला. बावीस जोड्या ते लावायचे, नेहमीसारख्या, अगदी रांगोळी काढावी तशा. तेविसावीची जागा कोरी ठेवायचे. तिचे दोन तुकडे बटर पेपरच्या पुडीत बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. “हे तुझं,” म्हणायचे आणि खाली सही करायचे : ‘बावीस जोड्या निर्दोष.’ मग मी ती पुडी उघडायची. दोन्ही तुकडे सारखे असले तर मुलगी. एक मोठा, एक आखूड असला तर मुलगा. मी चिकटवायचे, मी लिहायचे, मी सही करायचे. स्टाफला ही गंमत वाटायची. सुरुवातीला मलाही वाटली. मोठ्या माणसाचं सोवळं, चालायचंच.

पण रोज तीन-तीन, चार-चार पुड्या उघडायच्या म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. ज्यात दोन सारखे निघायचे, त्या बाईला मी बाकावर बसलेली पाहिलेली असायची. तिच्या हातातली पिशवी, तिची चप्पल, सगळं डोळ्यांसमोर यायचं. एका दुपारी माझं डोकंच फिरलं.

“सर, बावीस जोड्या तुम्ही लावता ना? मग ही एक मला का?”

“मला ते बघायचं नसतं गं.”

“पण कापताना दिसतंच की तुम्हाला!”

ते म्हणाले, “दिसतं.”

“मग? तुमचे हात कोरडे आणि माझे डिंकात? पगार कमी, पाप जास्त, असं आहे का माझ्या नेमणुकीत? एक तर डॉक्टरांना सरळ नाही म्हणा, नाहीतर तेवीसच्या तेवीस लावा!”

सरांनी डोक्यावरचा नॅपकिन काढला, घडी केली, उलगडला, पुन्हा घडी केली. “तू म्हणतेस ते अगदी बरोबर आहे,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तीन पुड्या होत्या.

माणूस चांगला होता हो. पण भित्रा. आणि चांगली भित्री माणसं दुसऱ्याला फार महाग पडतात. मी तरी काय मोठी शूर? नोकरी सोडली नाही. घर अंधेरी ईस्टला, पूल उतरला की दहा मिनिटांत लॅब, मुलगी सासूबाई सांभाळायच्या, अशी नोकरी सोडतं कोण? मी पुड्या उघडत राहिले.

आणि मग मला दिवस गेले. मुलगी चार वर्षांची होती. सासूबाई काही छळणाऱ्या नव्हत्या, उगीच कशाला खोटं बोलू. माझ्या केसांना तेल लावून द्यायच्या, मला ताजी पोळी वाढून स्वतः शिळी खायच्या. मेथी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, “तुमच्याच लॅबमध्ये होतंय ना सगळं? मग बघून घ्यायला काय हरकत आहे गं?” नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुला योग्य वाटेल ते कर.” या वाक्याचा मला आजही संताप येतो. भांडला असता तर मी भांडले तरी असते.

आणि मी? सांगूनच टाकते आता. मलाही मुलगा हवा होता. फार काही वंशाचा दिवा वगैरे नाही. एक मुलगी आहे, एक मुलगा झाला की सुटले, पुन्हा तिसऱ्यांदा हे नको, एवढाच हिशोब. इतक्या बायकांच्या पुड्या उघडल्या होत्या, तरी स्वतःच्या वेळी मला त्या बाकावर बसताना काही वेगळं वाटलं नाही. दमले होते, बस.

डॉक्टरांनी पाणी काढलं. त्यानंतर तीन आठवडे सर माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. माझ्या बाळाच्या पेशींची बशी त्यांनी वेगळी ठेवली होती, मला हात लावू देत नव्हते. शेवटी एका दुपारी डॉक्टर जेवायला गेल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि कार्ड समोर ठेवलं.

तेवीसच्या तेवीस जोड्या लावलेल्या होत्या. सरांनी लावलेली तेविसावी जोडी मी पहिल्यांदाच बघत होते. दोन्ही तुकडे सारखे होते. ओळीत, सरळ, डिंकाचा डाग नाही.

“मुलगी आहे,” ते म्हणाले. “मी पाच वेळा मोजलं. एकदम निकोप आहे. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही.”

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. “फाइलला लावलेलं नाही. डॉक्टरला दाखवलेलं नाही. तू घरी घेऊन जा. पुढचं आता तुझ्या हातात.”

मला त्यांचा इतका राग आला! म्हटलं, बघा, माझ्या वेळीसुद्धा सही नाही, फाइल नाही, सगळं माझ्यावर ढकलून मोकळे. कार्ड पर्समध्ये कोंबलं आणि हाफ डे टाकून घरी गेले.

सासूबाईंनी कार्ड हातात घेतलं. उलटं धरलं, मग सुलटं केलं, चष्मा लावून बघितलं. “यातलं काय कळतं तुम्हाला, देव जाणे,” म्हणाल्या. नवऱ्यानंही खिडकीपाशी नेऊन बघितलं. दोघं माझ्याकडे बघत राहिले.

“मुलगी आहे,” मी म्हणाले.

कोणी आरडाओरडा केला नाही. सासूबाई “बरं” म्हणाल्या आणि गॅस बंद करायला आत गेल्या. नवऱ्यानं गुरुवारची रजा टाकली. गुरुवारी झालं. पाच महिने होत आले होते. नर्सनं एका भांड्यावर हिरवं फडकं टाकून ते माझ्या समोरून नेलं, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. रडू नंतर आलं, फार नंतर, आणि मग थांबेचना.

आठवड्यानं कामावर गेले. सर काचा पुसत होते. मला बघून चटकन उभे राहिले, नॅपकिन बाजूला ठेवला, खुर्ची ओढून दिली. चेहरा असा की जणू मी माहेरपणाला आलेय.

“बस, बस. कशी आहेस? जपून चालत जा आता त्या पुलावरून. घरी सगळे खूष?”

मला कळेना हा माणूस काय बोलतोय. “सर, झालं ते,” मी म्हणाले. “गुरुवारी.”

“काय झालं?”

मी पोटावर हात ठेवला. मग त्यांना समजलं. ते पुन्हा खुर्चीत बसले, हळूहळू, खुर्ची आहे की नाही ते चाचपत.

“पण घरी कळलं कसं?” त्यांनी विचारलं.

“कसं म्हणजे? मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“मुलगी आहे म्हणून. तुम्हीच नाही का सांगितलंत?”

“मी तुला सांगितलं,” सर म्हणाले. “तुला, अगं. म्हणून तर फाइलला लावलं नाही. त्या घरात ते कार्ड वाचता येणारी तू एकटी. मला वाटलं, तू घरी जाऊन मुलगा आहे म्हणून सांगशील.”

“मग तसं तोंडानं का नाही सांगितलंत?” मी ओरडले. खाली मिठाईवाल्याला ऐकू गेलं असेल. “एवढं एक वाक्य!”

“मी कधी कोणाला खोटं बोल म्हणून सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. त्यांना रडू फुटलं होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

कितीतरी वर्षं मी त्यांच्यावरच रागावून होते. एवढं धरून चालायचं होतं, तर बोलायचं होतं ना. आता राग करायचाही कंटाळा येतो, आणि राग ओसरला की जे उरतं ते फार साधं आहे. नवरा आणि सासू माझ्याकडे बघत उभे होते. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. चार महिने कोणी तपासायला येणार नव्हतं, आणि पोर एकदा मांडीवर आली असती की सासूबाईंनीच तिला तेल लावून न्हाऊ घातलं असतं. धाक होता म्हणून मी खरं बोलले असं म्हणायलाही मला तोंड नाही. धाक कोणाचाच नव्हता. मला ते सुचलंच नाही.